बॅकअप असताना वेगळा टेस्ट सर्व्हर कशासाठी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या आपल्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार होतात, सुमारे दीडशे माणसे एकाच ईआरपीवर (खरेदी, साठा, उत्पादन, बिले, हिशेब हे सारे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करतात, आणि गेली आठ वर्षे त्यातील सर्व बदल थेट चालू, म्हणजे ‘लाइव्ह’ सिस्टिममध्येच केले जात आहेत. डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी दोन स्वतंत्र सिस्टिम उभ्या कराव्यात असा प्रस्ताव आपण मांडलात, तेव्हा संचालकांनी विचारले की सॉफ्टवेअर एकच असताना ते तीन ठिकाणी कशाला हवे, आणि काही बिघडलेच तर रोज रात्रीचा बॅकअप आहेच ना. याचे लेखी समर्थन कसे करावे, हे आपल्याला हवे आहे.

संचालकांचा प्रश्न रास्त आहे आणि ‘सगळ्या मोठ्या कंपन्यांत असेच असते’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. माझा सल्ला असा की टिपणाची सुरुवात बॅकअपपासूनच करावी, कारण खरा गैरसमज तिथे आहे. बॅकअपमुळे आपल्या डेटाबेसमधील माहिती मागच्या एखाद्या वेळेवर नेता येते. पण ईआरपीमध्ये केलेली नोंद आता आपल्या डेटाबेसमध्ये थांबत नाही. ती काही सेकंदांत सरकारी पोर्टलवर, ग्राहकाच्या खरेदी विभागात, बँकेत किंवा ट्रक ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर जाऊन पोहोचते, आणि तिथून ती कोणताही बॅकअप परत आणत नाही.

ई-इनव्हॉइसचेच, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या पद्धतीचेच, उदाहरण घ्या. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या करदात्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधील बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे आपल्यालाही आहे. बिलाचा नवा फॉरमॅट जमला की नाही हे पाहण्यासाठी कोणी लाइव्ह सिस्टिमवर एक ‘नमुना’ बिल काढले, तर त्याला खराखुरा आयआरएन, म्हणजे पोर्टलचा नोंदणी क्रमांक, मिळतो, ते जीएसटी विवरणपत्राच्या मसुद्यात आपोआप उतरते आणि ग्राहकालाही दिसू लागते. पोर्टलवर ते रद्द करण्याची मुदत २४ तासांची आहे, त्यावर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) चालू असेल तर आधी तेही रद्द करावे लागते, आणि रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. आपण रात्रीचा बॅकअप चढवला, तर आपल्या ईआरपीला त्या बिलाचा विसर पडेल. पोर्टलला पडणार नाही. दुसऱ्या दिवशी ईआरपी तोच क्रमांक पुन्हा देईल आणि पोर्टल तो नाकारेल. याच कामासाठी एनआयसीने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, ई-इनव्हॉइसचे स्वतंत्र सँडबॉक्स, म्हणजे सरावाचे पोर्टल, उपलब्ध करून दिलेले आहे. पण त्याला जोडायला आपल्याकडे टेस्ट सिस्टिमच नसेल, तर त्याचा उपयोग काय?

बॅकअपची दुसरी मर्यादा अधिक जाचक आहे. सकाळी अकराला झालेली चूक दुपारी चारला लक्षात आली, तर मधल्या पाच तासांत गेटवर माल आलेला असतो, स्टोअरने तो जमा करून घेतलेला असतो, उत्पादनाच्या नोंदी पडलेल्या असतात, काही गाड्या भरून बाहेर गेलेल्या असतात. बॅकअप चढवला की चुकीच्या नोंदींबरोबर या सगळ्या बरोबर नोंदीही पुसल्या जातात. ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेस स्वतः ठेवत असलेली प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) वापरून हव्या त्या मिनिटापर्यंत मागे जाता येते हे खरे, परंतु त्या मिनिटानंतरचे चांगले ठेवावे आणि वाईट टाकावे, हे लॉगला सांगता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात चालू कारखान्यात बॅकअप क्वचितच चढवला जातो. लोक रात्र जागून एकेक नोंद हाताने दुरुस्त करतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. या व्यवसायात नवा असताना, अबकारी कराच्या दिवसांत, मी एका कारखान्याच्या लाइव्ह डेटाबेसवर शनिवारी संध्याकाळी एका ग्राहकाचे दर बदलण्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला थेट दिलेली आज्ञा, चालवली. परचेस ऑर्डरमध्ये दरदुरुस्ती आली होती, काम पाच मिनिटांचे होते, आणि ग्राहकाच्या कोडची अट लिहायची राहिली. जे भाग त्या ग्राहकाबरोबर इतरांनाही जात होते, त्या सगळ्यांचे दर सगळ्यांसाठी बदलले. सोमवारी दुपारी एका ग्राहकाच्या गेटवरून ट्रक परत आला, कारण बिलातला दर आणि ऑर्डरमधला दर जुळत नव्हता. तोपर्यंत बाकीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. रविवारच्या पाळीचे उत्पादन आणि सोमवारची सर्व आवक नोंदली गेल्यामुळे मागे जाणे शक्य नव्हते. ती बिले मिटायला दोन महिने लागले. क्वेरी चुकली हा माझा दोष होता आणि तो मी कबूल केला; परंतु एका नवशिक्याची पहिली क्वेरी थेट खऱ्या बिलांवर चालू शकते, ही रचना कोणाची होती, असा प्रश्न त्या वेळी कोणीच विचारला नाही.

आता ‘तीनच का, दोन का नकोत’ या प्रश्नाकडे वळू, कारण संचालक तो नक्की विचारतील. डेव्हलपमेंट ही मोडतोडीची जागा आहे: तिथे टेबल बदलते, प्रोग्राम अर्धवट असतो, दिवसातून चार वेळा सगळे बंद पडते, आणि ते तसेच असायला हवे. टेस्टिंगला याच्या अगदी उलट, स्थिरता लागते. आपल्या अकाउंट्स विभागातील एखाद्या बाईंनी दोन दिवस बसून टीडीएसची गणिते तपासली आणि ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली, पण त्याच दोन दिवसांत प्रोग्रामरने त्याच सिस्टिममध्ये दुसऱ्या कामासाठी काही बदलले असेल, तर त्यांची सही ज्या सॉफ्टवेअरवर झाली ते आता अस्तित्वातच नाही. प्रॉडक्शनची, म्हणजे लाइव्ह सिस्टिमची, गरज तिसरीच आहे: ते थांबता कामा नये आणि त्याला कोणी विनाकारण हात लावता कामा नये. या तीन गरजा परस्परविरोधी आहेत, म्हणून त्या एका छताखाली नांदत नाहीत. सॅप या मोठ्या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या ईआरपीच्या जगात ही त्रिस्तरीय रचना इतकी रुळलेली आहे की प्रॉडक्शन सिस्टिम थेट बदलांसाठी बंद ठेवलेली असते आणि प्रत्येक बदल ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टच्या, म्हणजे नोंदवलेल्या गठ्ठ्याच्या, रूपाने डेव्हलपमेंटमधून क्वालिटीत, म्हणजे टेस्टिंगमध्ये, आणि तिथून प्रॉडक्शनमध्ये जातो.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर सर्वांना तीन लागत नाहीत. जी संस्था तयार सॉफ्टवेअर जसेच्या तसे वापरते, स्वतः एक ओळही लिहीत नाही, तिला लाइव्ह आणि एक टेस्ट एवढे पुरते. आपल्याकडे मात्र दोन प्रोग्रामर आणि बाहेरचा एक कन्सल्टंट दर आठवड्याला काही ना काही बदलतात, असे आपणच लिहिले आहे. त्यामुळे आपल्या बाबतीत तिसरी सिस्टिम ही चैन ठरत नाही.

टेस्ट सिस्टिमचा एक उपयोग असा आहे की जो लाइव्हवर कितीही काळजी घेतली तरी मिळवता येत नाही, आणि आपल्या उद्योगाला त्याचा अलीकडेच अनुभव आला आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांची फेररचना जाहीर केली आणि ती २२ सप्टेंबरपासून लागू झाली. वाहनांच्या सुट्या भागांवरील २८ टक्के दर १८ टक्क्यांवर आला. मध्ये एकोणीस दिवस होते. ज्यांच्याकडे वेगळी टेस्ट सिस्टिम होती त्यांना तिची तारीख पुढे सरकवून २१ तारखेच्या रात्रीनंतरचे पहिले बिल कसे निघते, वाटेत असलेल्या मालाचे काय होते, आधीच्या पुरवठ्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने निघते की नव्या, हे सगळे दहा वेळा पाहता आले. लाइव्ह सर्व्हरची तारीख पुढे नेता येत नाही. ज्यांच्याकडे फक्त लाइव्ह होते, त्यांची चाचणी २२ तारखेच्या सकाळी, खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या बिलावर झाली. आपल्याकडे त्या आठवड्यात किती बिले रद्द करावी लागली, ते जरूर काढून पाहा.

बाहेरची उदाहरणे द्यायची असतील तर ती मोजकी आणि नीट वाचून द्यावीत, कारण त्यांतील काही वरवर वाटतात तेवढी सोपी नाहीत. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. नवा प्रोग्राम आठपैकी सात सर्व्हरवर चढवला गेला, आठव्यावर राहिला, आणि नव्या प्रोग्रामने वापरायला घेतलेला एक जुना फ्लॅग (प्रोग्राममधली चालू-बंदची खूण) त्या आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षे न वापरलेला कोड जागा करून गेला. ही चाचणीपेक्षा चाचणी झालेले सॉफ्टवेअर प्रॉडक्शनपर्यंत नेण्यातली चूक आहे, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे: तीन सिस्टिम असून त्यांच्यामधला रस्ता हाताने फाइल कॉपी करण्याचा असेल, तर भिंती बांधल्या आणि दारे उघडी ठेवली असे होते. शिवाय गोंधळ उडाल्यावर तिथल्या लोकांनी चालू बाजारात दुरुस्ती करू पाहिली आणि बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्राम काढून टाकला. त्यामुळे जुना कोड त्या सातांवरही जागा झाला. घाईतली दुरुस्ती लाइव्हवर करू नये, असे आपण सांगतो तेव्हा लोकांना ते पुस्तकी वाटते. त्यांच्यासाठी हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण गिटलॅबचे, म्हणजे प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या ऑनलाइन सेवेचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटा डिरेक्टरी पुसली. नेहमीचे बॅकअप तपासले तर ते बॅकअप प्रोग्रामची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हते आणि हे कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो साधारण सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, आणि तो कोणी का घेतला होता? तर स्टेजिंग, म्हणजे चाचणीच्या, सिस्टिममध्ये ताजा डेटा हवा होता म्हणून. चाचणीच्या सिस्टिमने लाइव्हला वाचवल्याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा माहीत नाही. त्यानंतरच्या सुधारणांच्या यादीत त्यांनी सर्व्हरचे कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायच्या ओळीची सुरुवात) एकमेकांपासून स्पष्ट ओळखू येतील असे करण्याचे कामही घातले होते. आपणही हे करावे: लाइव्हच्या स्क्रीनला एक रंग, टेस्टला दुसरा, आणि टेस्टमधून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आडवे मोठे ‘नमुना’. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

तिसरे ब्रिटनच्या टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सर्व ग्राहक नव्या प्रणालीवर हलवले आणि लाखो ग्राहकांना आपले खाते दिसेनासे झाले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. त्यांच्याकडे चाचणीची व्यवस्था होती. पण दोन डेटा सेंटरवर मिळून चालणार असलेल्या प्रणालीच्या भारक्षमतेच्या चाचण्या एकाच डेटा सेंटरवर झाल्या होत्या. टेस्ट सिस्टिम आकाराने लहान असली तरी चालते, परंतु तिची ठेवण लाइव्हसारखीच असावी लागते: डेटाबेसची तीच आवृत्ती, तेच पॅच (निर्मात्याने दिलेल्या दुरुस्त्या), त्याच जोडण्या. लाइव्हवर दोन ॲप्लिकेशन सर्व्हर असतील तर टेस्टवरही दोन, भले ते छोटे का असेनात.

कायद्याच्या बाजूने आपल्या संचालकांना सर्वांत जवळचा मुद्दा ऑडिट ट्रेलचा वाटेल. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील नियम ३ नुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणे आवश्यक आहे, आणि ती वर्षभर चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. कन्सल्टंट लाइव्ह डेटाबेसवर थेट क्वेरी चालवतो तेव्हा ईआरपीच्या स्क्रीनमधली नोंदवही त्याला पाहतच नाही, आणि डेटाबेसच्या पातळीवर ऑडिट ट्रेल नसल्याचा शेरा अनेक कंपन्यांच्या अहवालात त्यामुळेच येतो. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१ मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ८.३१ हे नियंत्रण नेमके या तीन सिस्टिमच्या विलगीकरणाचे आहे. आपले वाहन उद्योगातील मोठे ग्राहक पुरवठादारांच्या माहिती सुरक्षेची चौकशी करू लागले आहेत, तेव्हा हा मुद्दा विक्री विभागाकडूनही उचलून धरला जाईल असे पाहावे.

आता ज्या गोष्टीत बहुतेक संस्था फसतात तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. टेस्ट सिस्टिम उभी करणे म्हणजे लाइव्हची प्रत काढणे, असे समजले जाते, आणि प्रत काढल्याक्षणी ती स्वतःला लाइव्हच समजत असते. तिच्यात खरे ईमेल पत्ते असतात, एसएमएसची खरी जोडणी असते, रात्री आपोआप चालणारी कामे ठरलेल्या वेळी जागी होतात, ई-इनव्हॉइसचे खरे लॉगिन असते, बँकेकडे पेमेंट फाइल जाण्याचा मार्ग उघडा असतो. एका ठिकाणी प्रत काढल्याच्या दुसऱ्याच पहाटे सर्व ग्राहकांना थकबाकीची स्मरणपत्रे गेलेली मी पाहिली आहेत, तीही दुसऱ्यांदा, कारण लाइव्हने आपली पत्रे आधीच पाठवली होती. म्हणून प्रत काढल्यावर नेटवर्कला जोडण्यापूर्वी करायच्या कामांची लेखी यादी हवी आणि ती शक्यतो एका स्क्रिप्टमध्ये बांधलेली हवी. माणसाच्या आठवणीवर सोडलेली यादी तिसऱ्या खेपेला अपुरी राहते. टेस्ट सर्व्हरवरून लाइव्हच्या डेटाबेसपर्यंत नेटवर्कचा मार्गच नसावा, हेही त्यातच आले.

त्याच प्रतीत कामगारांचे पगार, आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक, मोबाइल क्रमांकही असतात. लाइव्हवर एचआरच्या दोघांनाच दिसणारी ही माहिती टेस्टवर प्रोग्रामरपासून बाहेरच्या कन्सल्टंटपर्यंत सगळ्यांना दिसू लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती टेस्ट सर्व्हरवरून फुटली हा त्यात बचाव नाही. नावे, खाती आणि पगाराचे आकडे बदलून टाकावेत. मात्र बदलताना रचना टिकवावी, म्हणजे आयएफएससी कोड अकरा अक्षरांचाच राहावा आणि पगाराची बेरीज पीएफच्या मर्यादेच्या अलीकडे व पलीकडे अशी दोन्हीकडे राहावी, अन्यथा चाचणीच निरर्थक होते.

खर्चाबद्दल. दोन नव्या सिस्टिम म्हणजे लाइव्हच्या दुप्पट खर्च, हे गृहीतक टिपणात पहिल्याच फटक्यात मोडून काढावे. दोन्ही सिस्टिम एका मध्यम क्षमतेच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रातले वेगवेगळे आभासी संगणक, म्हणून बसू शकतात, कारण त्यांवर एका वेळी पाच-दहा माणसेच असतात. क्लाउडवर असतील तर रात्री आणि साप्ताहिक सुट्टीला बंद ठेवता येतात. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याची डेव्हलपर आवृत्ती विकास आणि चाचणीसाठी विनामूल्य आहे. ईआरपीच्या परवान्यात चाचणी सिस्टिमचा समावेश आहे का, हे करारात पाहावे. पुष्कळदा तो असतो आणि कोणी मागितलेलाच नसतो. खरा खर्च यंत्रांचा नाही, वेळेचा आहे, आणि तो लपवू नये. आज जो बदल तासाभरात होतो त्याला उद्या दोन दिवस लागतील, कारण वापरणाऱ्या विभागाला तो टेस्टवर तपासून सही करावी लागेल. विभागप्रमुखांची कुरकुर पहिल्या महिन्यातच सुरू होते. संचालकांना हे आधी सांगितले नसेल, तर त्या कुरकुरीतच प्रस्ताव बुडतो.

दुसऱ्या पारड्यात काय टाकायचे, तर आपल्याच नोंदी. मागील बारा महिन्यांत बदलानंतर किती वेळा आणि किती तास डिस्पॅच थांबला, किती बिले रद्द झाली, चुकीच्या दरामुळे किती क्रेडिट नोटा निघाल्या, कन्सल्टंटला तातडीच्या कामाचे किती पैसे दिले, हे अकाउंट्स आणि डिस्पॅचकडून काढा. परदेशातल्या कोट्यवधी डॉलरपेक्षा आपल्या कारखान्यातले साडेतीन लाख रुपये संचालकांना अधिक पटतात, आणि पटावेतही.

तातडीच्या प्रसंगाची वाट मात्र लिहून ठेवा. रात्री दोनला गेटवर ट्रक उभे असताना टेस्टची पायरी गाळावी लागेल. ती कोणाच्या परवानगीने गाळायची, हे आधी ठरलेले असावे, आणि लाइव्हवर केलेली ती दुरुस्ती दुसऱ्या दिवशी डेव्हलपमेंटमध्ये परत नेलीच पाहिजे. ती नेली नाही, तर पुढच्या महिन्याचा नियमित बदल डेव्हलपमेंटमधून लाइव्हवर येताना ती दुरुस्ती पुसून टाकतो आणि महिनाभरापूर्वीचा बिघाड जसाच्या तसा परत येतो. ‘हे तर आपण दुरुस्त केले होते’ हे वाक्य ज्या कारखान्यात वारंवार ऐकू येते, तिथे बहुधा हेच घडत असते.

टिपण देण्याआधी एक काम करा. एखादा जुना संगणक किंवा महिनाभरापुरते भाड्याचे क्लाउड मशीन घ्या, नेटवर्कपासून तोडून ठेवा, आणि कालच्या रात्रीचा बॅकअप त्यावर चढवून ईआरपी सुरू करून पाहा. किती तास लागले ते लिहून ठेवा. चढला, तर आपली पहिली टेस्ट सिस्टिम जवळजवळ तयार झाली. चढला नाही, तर ‘बॅकअप आहेच ना’ या प्रश्नाचे उत्तर टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहिता येईल.